सोसायटीचा लॅपटॉप, न उघडणाऱ्या फाइली आणि सभेची नोटीस

मुलुंड पूर्वेला आमची बेचाळीस घरांची सोसायटी आहे. दोन वर्षांपासून मी तिची सेक्रेटरी आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये सोसायटीच्या लॅपटॉपवरची एकही फाइल धड उघडेना, आणि ते झालं नेमकं वार्षिक सभेच्या नोटिशीच्या आठवड्यात. नेमकं काय बिघडलंय आणि काय बिघडलेलं नाही, हे त्या दिवसांत कुणी साध्या मराठीत सांगितलं असतं तर माझी निम्मी धावपळ आणि सगळी भीती वाचली असती. म्हणून तारीखवार लिहून ठेवते आहे.

आधी तारखांचं गणित सांगते, कारण सगळा जीव त्यातच अडकला होता. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. नोटीस दिल्याचा दिवस त्यात धरायचा नाही, सभेचाही नाही. आमची सभा रविवार, २८ सप्टेंबर २०२५ ला ठरली होती. म्हणजे शनिवार, १३ सप्टेंबरला नोटीस घरोघर पोचायलाच हवी होती. एक दिवस चुकला तरी कुणीही सभासद उठून सभेलाच हरकत घेऊ शकला असता.

रविवार, ७ सप्टेंबर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जनाहून घरी यायला रात्रीचे दोन वाजले होते. सकाळी उठून कामाला बसले. ऑडिटरांनी एका ठेवीच्या व्याजाचा मेळ मागितला होता. बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये होतं आणि मला ते एक्सेलमध्ये हवं होतं. शोधल्यावर एक फुकट सॉफ्टवेअर मिळालं. ते उतरवलं, ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ करत बसवलं, काम झालं. त्यानंतर पहिली पीडीएफ उघडताना विंडोजने विचारलं, ही फाइल कशाने उघडू? यादीत सगळ्यात वर तेच नवीन सॉफ्टवेअर होतं आणि खाली ‘यापुढे नेहमी हेच वापरा’ अशा अर्थाचा चौकोन होता. मी खूण केली आणि ओके दाबलं. फोटोच्या वेळी तेच, वर्डच्या फाइलच्या वेळीही तेच. डोळ्यांवर झोप होती, आणि असे प्रश्न आपण रोज न वाचताच दाबत असतो.

सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची चिन्हं बदललेली. वर्डचं निळं, पीडीएफचं लाल, सगळं गेलं होतं, आणि सगळीकडे एकच हिरवं चिन्ह. कुठलीही फाइल उघडावी तर त्या सॉफ्टवेअरची खिडकी यायची: मोफत वापर संपला, वर्षाचे पैसे भरा. ताळेबंद, मागच्या सभेचं इतिवृत्त, शेअर सर्टिफिकेटांचे स्कॅन, सगळ्यावर तीच खिडकी. माझे हातपाय गार पडले. मला वाटलं, या सॉफ्टवेअरने फाइलीच बदलून टाकल्या आणि आता पैसे भरल्याशिवाय त्या परत मिळणार नाहीत.

इथे मी जे केलं ते कुणी करू नये म्हणून मुद्दाम सविस्तर सांगते. सभासदांच्या यादीची वर्डची फाइल होती. तिच्यावर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मध्ये गेले. यादीत ‘वर्डपॅड’ दिसलं, विंडोजबरोबर येणारा लिहिण्याचा साधा प्रोग्रॅम. नावात वर्ड आहे म्हणून तेच निवडलं. फाइल उघडली! मला इतका आनंद झाला की वरच्या पिवळ्या पट्टीकडे लक्षच गेलं नाही. त्या पट्टीत लिहिलेलं असतं की या फाइलमधल्या सगळ्या गोष्टी वर्डपॅडला कळत नाहीत, काही मजकूर गळू शकतो किंवा वेडावाकडा दिसू शकतो. एका सभासदाचं नाव दुरुस्त करायचं होतं, ते केलं आणि सेव्ह दाबलं. या आठवड्यात आमची खरोखर खराब झालेली फाइल ही एकच, आणि ती त्या सेव्हने खराब झाली. ते मला शुक्रवारी कळलं.

मंगळवारी खजिनदार काकांना बोलावलं. काका बँकेतून निवृत्त झालेत, वय एकाहत्तर, हिशोबाला एकदम पक्के. ते म्हणाले, “अहो, नाव बदलून बघू. शेवटी डॉट पीडीएफ लावलं की होईल.” त्यांनी नोटिशीच्या वर्ड फाइलला ‘नोटीस डॉट पीडीएफ’ असं नाव दिलं. काहीच फरक पडला नाही. त्याचं कारण नंतर समजलं. विंडोजमध्ये फाइलच्या नावाची शेपटी, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, सहसा लपवलेली असते. त्यामुळे आम्हाला ‘नोटीस डॉट पीडीएफ’ दिसत होतं, पण खरं नाव ‘नोटीस डॉट पीडीएफ डॉट डॉकएक्स’ असं झालं होतं. विंडोज बघतं ते शेवटच्या शेपटीकडे. शेपटी पाहून आपल्या नोंदीत शोधतं की ही कुणाकडे सोपवायची, आणि त्या प्रोग्रॅमला हाक मारतं. फाइलच्या आत काय आहे, हे ते त्या वेळी बघत नाही.

ही शेपूट आधी दिसू द्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. विंडोज १० मध्ये कुठलंही फोल्डर उघडून वर ‘व्ह्यू’वर जायचं आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’च्या चौकोनात खूण करायची. विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग तोच पर्याय.

बुधवार, १० सप्टेंबर. घरात कुणी मदतीला नव्हतं. लॅपटॉप पिशवीत घातला, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला पूर्वेला उतरून कॉम्प्युटरच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला गेले. पाऊस भुरभुरत होता, पिशवी पदराखाली धरून चालले. ज्या दुकानात दाखवलं तिथला मुलगा कामात होता. दोन मिनिटं बघून म्हणाला, “ताई, फॉरमॅट मारावं लागेल. बाराशे रुपये. डेटा ठेवायचा असेल तर पाचशे वेगळे. सोमवारी मिळेल.” सोमवार म्हणजे १५ तारीख. आणि फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने बसवणं. मी पुन्हा विचारलं, फॉरमॅट न करता होणार नाही का? तो म्हणाला, एवढं शोधत बसायला वेळ लागतो, फॉरमॅट सोपं पडतं. त्याच्या बाजूने ते बरोबर असेलही, गिऱ्हाईकं रांगेत उभी होती. पण सोसायटीचं अकरा वर्षांचं दप्तर त्या लॅपटॉपमध्ये होतं. मी तो उचलला आणि परत आले. येताना गाडीत खिडकीशी बसून रडू आलं, हेही लिहिते, कारण असं रडू आलेल्या आणखी दोन बायका मला नंतर भेटल्या.

त्याच रात्री साडेनऊला काका वर आले. ऑडिटरांना एक आकडा कळवायचा राहिला होता. लॅपटॉपवर माझं आणि त्यांचं, अशी दोन वेगळी खाती आहेत. सोसायटीचं फोल्डर डी ड्राइव्हवर आहे, दोघांनाही दिसतं. काकांनी आपला पासवर्ड घातला, ताळेबंदावर दोनदा क्लिक केलं आणि तो उघडला. एक्सेलमध्ये, नेहमीसारखा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग नोटीस उघडली, स्कॅन उघडले, पीडीएफ उघडल्या. सगळं जागच्या जागी.

तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. फाइली तर त्याच होत्या. काकांच्या खात्यात चालतात आणि माझ्या खात्यात नाहीत, म्हणजे बिघाड फाइलींत नाही, माझ्या खात्यातल्या नोंदीत आहे. कुठली फाइल कुठल्या प्रोग्रॅमने उघडायची, ही नोंद विंडोज प्रत्येक खात्यासाठी वेगळी ठेवतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिली परीक्षा हीच करा. दुसरं खातं नसेल तर सेटिंग्जमध्ये नवीन खातं तयार करून त्यात तीच फाइल उघडून बघा. पैसे लागत नाहीत आणि दहा मिनिटांत कळतं की घाबरायचं की नाही.

गुरुवारी रात्री तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा चालू होती, तरी आला. मी म्हटलं, “अरे, फाइली खरंच शाबूत आहेत ना? मला डोळ्यांनी दाखव.” त्याने एका पीडीएफची प्रत काढली आणि ती नोटपॅडमध्ये उघडली. पडदाभर अगम्य अक्षरं आली, पण अगदी पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून ‘पीडीएफ’ ही तीन इंग्रजी अक्षरं. मग वर्डच्या फाइलची प्रत तशीच उघडली. तिच्या सुरुवातीला ‘पी’ आणि ‘के’. तो म्हणाला, “काकू, २००७ च्या ऑफिसपासून वर्डची फाइल म्हणजे आतून झिप, बऱ्याच फाइलींचं एक गाठोडं असते, आणि प्रत्येक झिपच्या डोक्यावर हे पी-के असतं. फाइल स्वतः कोण आहे ते तिच्या आत लिहिलेलं आहे. बाहेरच्या सॉफ्टवेअरने ते बदललेलं नाही.” ती दोन अक्षरं बघून जो धीर आला तो कुठल्याच आश्वासनाने आला नसता. हे करून बघायचं असेल तर प्रतीवरच करा आणि नोटपॅड बंद करताना सेव्ह करू नका.

मग प्रत्यक्ष काम. त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. आमच्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं, पर्यायांची नावं त्यातली आहेत.

सगळ्यात आधी त्याने मला ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘डीफॉल्ट ॲप्स’ असं नेलं आणि खाली ‘चूज डीफॉल्ट ॲप्स बाय फाइल टाइप’ उघडायला लावलं. डावीकडे शेपट्यांची लांबलचक यादी, उजवीकडे प्रत्येकीसमोर ती उघडणारा प्रोग्रॅम. मी मोबाइलने त्या यादीचे नऊ फोटो काढले. बदलण्याआधी जसं आहे तसं टिपून ठेवायचं, ही दप्तरातली सवय इथेही उपयोगी पडली.

नंतर ते फुकट सॉफ्टवेअर काढून टाकलं. ‘ॲप्स अँड फीचर्स’मध्ये नाव शोधून ‘अनइन्स्टॉल’. ते काढलं नसतं तर प्रत्येक ‘ओपन विथ’च्या यादीत ते पुन्हा दिसत राहिलं असतं आणि हात चुकायला जागा राहिली असती. मग लॅपटॉप बंद करून चालू केला.

आता दोन रस्ते होते. ‘डीफॉल्ट ॲप्स’च्या पानावर थोडं खाली ‘रीसेट’ असं बटण असतं, मायक्रोसॉफ्टने सुचवलेल्या मूळ नोंदी परत आणणारं. किंवा एकेक शेपटी घेऊन तिच्यापुढचा प्रोग्रॅम बदलायचा. माझं आता स्पष्ट मत आहे: एक-दोन प्रकारच फिरले असतील तर रीसेटच्या वाटेला जाऊ नका. माझे मोजले तर एकवीस प्रकार फिरले होते, म्हणून आम्ही रीसेट केलं. बटण दाबल्यावर त्याने काही विचारलं नाही, लगेच शेजारी बरोबरची खूण आली. त्यानंतर पीडीएफ एज ब्राउझरमध्ये उघडायला लागल्या, फोटो विंडोजच्या फोटोज ॲपमध्ये. पण मेलमधली लिंक क्रोमऐवजी एजमध्ये उघडू लागली आणि गाणी-व्हिडिओही व्हीएलसी सोडून विंडोजच्या ॲपकडे गेले. रीसेट ‘कालच्यासारखं’ करत नाही, ‘कंपनीने सुचवल्यासारखं’ करतं. हा फरक आधी माहीत असला की पुढे दचकायला होत नाही.

क्रोम परत आणायला त्याच पानावर ‘वेब ब्राउझर’वर क्लिक करून क्रोम निवडलं. पीडीएफसाठी मला ॲक्रोबॅट रीडरच हवा होता, कारण ऑडिटर अहवालावर डिजिटल सही करून पाठवतात आणि ती सही तपासायची सोय त्यात आहे. शेपट्यांच्या यादीत पीडीएफ शोधलं, समोरच्या एजवर क्लिक केलं, रीडर निवडला. विंडोजने मध्येच विचारलं, एज आणखी एकदा वापरून बघता का? ‘तरीही बदला’ म्हटलं. वर्डच्या फाइलवर दोनदा क्लिक केल्यावर तोच जुना प्रश्न आला, कशाने उघडू? या वेळी मी यादीतलं प्रत्येक नाव वाचलं, वर्ड निवडलं, मग खालच्या चौकोनात खूण केली. एक्सेलसाठी मुलाने सोपी वाट दाखवली. ‘सेट डीफॉल्ट्स बाय ॲप’मध्ये एक्सेल निवडून ‘मॅनेज’ दाबलं की एक्सेलला उघडता येणारे सगळे प्रकार एका पानावर येतात. जुना एक्सएलएस, नवा एक्सएलएसएक्स, बँकेकडून येणारा सीएसव्ही, तिन्ही तिथेच लावून टाकले.

चिन्हं लगेच बदलली नाहीत. काही हिरवीच दिसत होती आणि माझा जीव पुन्हा खाली-वर. लॅपटॉप परत एकदा बंद-चालू केल्यावर सगळी जागेवर आली. एकूण पाऊण तास लागला. मुलाने पैसे घेतले नाहीत, थालीपीठ मात्र खाऊन गेला.

रजिस्ट्रीविषयी, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीविषयी, एक शब्द. या विषयावर शोधलं की रजिस्ट्रीत जाऊन अमुक ओळ पुसा, तमुक बदला असे सल्ले मिळतात. मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने या नोंदींना एक प्रकारची मोहोर लावली आहे. बाहेरून कुणी नोंद बदलली तर मोहोर जुळत नाही आणि विंडोज ती नोंद स्वतःहून रीसेट करतं. त्यामुळे हाताने आकडे बदलून सहसा काही साधत नाही, आणि चुकून भलतंच पुसलं गेलं तर मोठं नुकसान. सेटिंग्जच्या पानावरून जे होतं ते तिथूनच करावं.

शुक्रवारी सकाळी नोटिशीला जोडायला सभासदांची यादी उघडली आणि पोटात गोळा आला. वर्डमध्येच उघडली होती, पण तक्त्याची मांडणी विस्कटली होती आणि वरचं सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, तळाचे पान क्रमांक, सगळं नाहीसं. सोमवारचं वर्डपॅडमधलं सेव्ह. मेलच्या ‘सेंट’मध्ये शोधलं. जुलैमध्ये हीच यादी ऑडिटरांना पाठवली होती, ती जशीच्या तशी मिळाली. एक नाव दुरुस्त करायला तीस सेकंद लागले. फाइल चुकीच्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर खुशाल बघा, पण सेव्ह करू नका. बंद करताना ‘बदल जपायचे का’ विचारलं तर नाही म्हणा.

दुपारी नोटिशीची पीडीएफ केली आणि स्टेशनजवळ झेरॉक्सला दिली. आठ पानं, बेचाळीस प्रती, पानाला दोन रुपये, ६७२ रुपये झाले. सबंध प्रकरणात खिशातून गेले ते एवढेच आणि लॅमिंग्टन रोडचं गाडीभाडं. शनिवारी, १३ तारखेला, वॉचमनला बरोबर घेऊन मजल्यामजल्यावर फिरले, प्रत्येकाची पोच म्हणून सही घेतली, एक प्रत नोटीस बोर्डाला लावली. तीन घरं बंद होती, त्यांना मेलवर पाठवली. संध्याकाळी सहा वाजता शेवटची सही झाली.

२८ तारखेची सभा वेळेवर झाली. तिच्यात मी एक विषय घेतला होता: लॅपटॉप जुना आहे, विंडोज ११ त्यावर चढत नाही आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार आहेत. सभासदांनी नव्या लॅपटॉपला मंजुरी दिली. दिवाळीनंतर तो आला.

विंडोज ११ मध्ये हे पान थोडं वेगळं आहे. ‘डीफॉल्ट ॲप्स’ उघडलं की वरच एक चौकट असते, तिच्यात टिंबासकट शेपटी टाइप करायची, मग सध्याचा प्रोग्रॅम दिसतो, त्यावर क्लिक करून बदलायचा. सगळं मूळपदावर आणायचं रीसेट त्या पानाच्या तळाशी आहे. वर्डपॅड आमच्या नव्या लॅपटॉपवर नाहीच, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ते काढून टाकलं आहे.

नव्या लॅपटॉपवर आम्ही पहिलं काम तेच केलं. काकांनी एका फुलस्केपवर आपल्या अक्षरात दोन रकाने आखले होते, डावीकडे शेपटी, उजवीकडे प्रोग्रॅम. ते एकेक ओळ वाचत गेले आणि मी लावत गेले. मग त्यांच्या खात्यात शिरून तेच सगळं पुन्हा लावलं, ते वाचायचे, मी दाबायची. तो कागद आता सोसायटी ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, किल्ल्यांच्या यादीशेजारी.